अप्पांना कळलेलं प्रथिन

हुमनाबादच्या हायवेवर अप्पांची लॉरी दुरुस्तीची शेड होती. मी बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत प्रथिनं जुळवते म्हणजे नेमकं काय करते, हे घरात फक्त त्यांनाच कळलं. एकसारखे छोटे तुकडे एकापुढे एक जोडायचे. प्रत्येक तुकडा समोरच्या पेप्टाइडच्या साखळीतल्या दोन कड्या धरतो. कड्या बदलल्या की तेवढाच तुकडा बदलायचा.

"म्हंजे चेन बघून दाते पाडायलीस," अप्पा म्हणाले. परीक्षकांच्या शाबासकीनंही मी कधी इतकी हरखले नव्हते.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. आम्ही धरायला बघत होतो ते पेप्टाइड अशाच गाठींत वाढणाऱ्या एका प्रथिनाचा तुकडा होतं. त्यांनी विचारलं तेव्हा हे मीच त्यांना सांगितलं. हैदराबादच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि त्याच सुमारास आमच्या प्रथिनानं ते पेप्टाइड घट्ट धरलं. आनंदाच्या भरात मी घरी फोन केला.

मेकॅनिकच्या लेखी पार्ट बसला की गाडी सुरू. अप्पांनी तारीख जाऊ दिली. शेडवर येईल त्या ड्रायव्हरला चहा पाजून सांगू लागले, पोरीचं औषध यायलंय. मला हे कळेपर्यंत उन्हाळा सरला होता.

"अप्पा, ते काचेच्या नळीत धरतंय! माणसाच्या अंगात चालंल का न्हाई, कुणालाच ठाऊक न्हाई," मी ओरडले.

"बघ की मग चालवून. मी कुठं जायलोय?"

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, आता ऑपरेशन नको. एवढ्या शहाण्या माणसाचा मला भयंकर राग आला होता, आणि रागवायला समोर नुसती हाडं उरली होती. मी त्यांना पेज भरवायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

आमच्या लिंगायत रीतीनं अप्पांना मातीत बसवून आम्ही परतलो. माझ्या कपाळावरचं भस्म अजून ओलं होतं. शेजारची मावशी येऊन माझ्यापाशी बसली. तिचा नवरा लॉरी चालवायचा, त्यालाही पोटात तसलीच गाठ होती.

"अप्पांना औषध येळंवर पोचलं न्हाई गं," ती डोळे पुसत हळूच म्हणाली. "आता पहिलं आमच्या मालकाला दे. अप्पांनी शब्द दिलाय."

जे अप्पांना पटवता आलं नाही ते मी तिला सांगितलं. "औषध न्हाई, मावशी. कधीच नव्हतं. उद्याच त्यांना हैदराबादला न्या."

तिनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"पर ह्यांनी बी तारीख सोडली की गं," ती म्हणाली. "अप्पांचं ऐकून."