पुढच्या फळीवरचा दगड

देल्झुइताच्या होडीत पुढच्या फळीवर एक भलाथोरला दगड असतो. ती मागच्या टोकाला बसून वल्हं मारते. पुढे वजन नसलं की होडीचं नाक आभाळाकडे जातं, म्हणून तो दगड. धक्क्यावर होडी लागली की कुणीतरी टवाळ विचारतोच, "काय वहिनी, आज नवरा गप्प गप्प?"

"गप्पच बरा. बोलायला लागला की मासे पळतात," ती म्हणते आणि टोपली उचलते.

नवरा म्हणजे अदेल्सो. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात नदीच्या वरच्या अंगाला सोन्याच्या खाणीवर गेला. "पुढच्या महिन्यात साओ जोआओच्या सणाला येतो," म्हणाला होता. कुणी म्हणतं हिवतापानं गेला, कुणी म्हणतं तिकडे दुसरा संसार थाटला. माझं विचाराल तर मेला नसावा. असली माणसं सहजासहजी मरत नाहीत. पण हे मी तिच्यासमोर कधी बोलले नाही. ती माझ्या मुलीची धर्ममाता. आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि त्या नात्यात जीभ जरा आवरावी लागते.

मी निल्दे, साओ सिरियाको गावच्या मच्छीमार संघाची कारकून. आमच्याकडे जुनी रीत अशी की जाळं टाकतो पुढे बसलेला, म्हणून मासा त्याच्या नावाचा. मागे बसलेली बायको वल्हवते, मासे चिरते, विकते, आणि कागदावर मात्र ती 'गृहिणी'. अदेल्सो गेल्यावर देल्झुइता एकटीच जाऊ लागली. जाळ्याचं एक टोक झाडाला बांधायची, दुसरं स्वतः ओढायची. पहिल्या विक्रीची पावती करायला आली तेव्हा मी विचारलं, "कुणाच्या नावावर?"

"त्याच्याच. पावत्या नसल्या तर मच्छीमाराचं कार्ड रद्द होईल ना त्याचं. आल्यावर बिचारा काय खाईल?"

मी लिहिलं. तेव्हापासून नऊ वर्षं मी एका दगडाच्या नावानं पावत्या फाडते आहे.

नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मासे अंडी घालतात. त्या चार महिन्यांत मासेमारी बंद, आणि पोटापुरता बेकारी भत्ता सरकार देतं. अदेल्सोच्या वाट्याचा भत्ता तिनं कधी मागितला नाही. तिचा तिला मिळायचा. 'ही बाई मासे धरते' एवढी संघाच्या अध्यक्षांची चिठ्ठी पुरायची. पण शहरातल्या बेकरीवाल्यांनी, न्हाव्यांनी, ज्यांची आणि माशाची गाठ फक्त ताटात पडते अशांनीही कार्डं काढली. सुक्याबरोबर ओलंही जळतं. यंदा नियम आवळले. अध्यक्षांची चिठ्ठी बंद. वर्षभराच्या पावत्या हव्यात, आणि त्याही स्वतःच्या नावाच्या.

ऑक्टोबरात मी तिला बोलावून हे सांगितलं. एकच वाट उरली होती. तिनं प्रतिज्ञापत्र द्यायचं की मासे मी धरले, माझा नवरा अमुक दिवसापासून या नदीवर नाही. खाली दोन साक्षीदार.

"तो नाही, असं मी लिहून देऊ?" तिनं विचारलं.

"नाहीतर सांतारेमला जा बहिणीकडे. कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला राहा चार महिने."

"घर बंद करून?"

"मग काय, डोक्यावर घेऊन जाणारेस?"

ती चिडली नाही. खिडकीतून नदीकडे बघत म्हणाली, "आणि तो नेमका तेव्हाच आला तर? कुलूप बघून परत फिरेल गं. शेजारीपाजारी विचारणारा माणूस नाही तो."

तीन दिवस ती फिरकली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आली ती चर्चला जायचा फ्रॉक घालून, केस चापूनचोपून बांधून.

"लिही, कोमाद्रे."

"शेवटचा मासेमारीला कधी गेला होता?" मला वाटलं, आता ही काहीतरी टोलवणार.

"पाच मे. नऊ वर्षं झाली. निळा सदरा होता, कोपराला फाटलेला, आदल्या दिवशी मीच शिवला होता. एकच तांबाकी मासा मिळाला आणि त्यातला निम्मा यानंच खाल्ला. वर म्हणतो, सोबतचा फारिन्हा, कसाव्याचा भरडा, जुनाट लागतोय."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच अडकलं. "म्हणजे तुला सगळं नीट ठाऊक होतं?"

"रोज पहाटे तो दगड मीच उचलून ठेवते ना? मला कळत नसेल होय?"

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. आणि खरं सांगते, तिचा हेवाही वाटला. माझा नवरा रोज घरी असतो, पण त्याच्यासाठी मी असं कधी दाराकडे डोळे लावून बसलेले नाही.

साक्षीदार म्हणून पहिली सही मी केली. खोट्या पावत्यांचा दोष माझ्या माथी येईल, तर येऊ दे. दुसरी अध्यक्षांनी केली, मान वर न करता. देल्झुइतानं आपलं नाव एकेक अक्षर जपून काढलं. शेवटचा रकाना राहिला होता, पतीचा सध्याचा पत्ता.

"'माहीत नाही' लिहिते. सगळ्या तसंच लिहितात," मी म्हणाले.

तिनं माझं पेन धरलं. "नको. आपलाच लिही."

"अगं, आत्ताच तर लिहून दिलंस की तो इथे नाही!"

"नाहीच आहे. पण यायचं झालं तर दुसरीकडे कुठे जाणार? घर सोडावं लागू नये, त्यासाठीच तर सही केली ना मी."

मी लिहिलं. साओ सिरियाको, धक्क्यापासून तिसरं घर.

"दार उघडंच असतं, तेही लिही."

त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.