नावेला वॉशआउट लागत नाही

मी टाक्या बनवतो. फायबरच्या. अमरावतीच्या एमआयडीसीत माझं शेड आहे. कूलरच्या बॉड्या, बाथरूमची दारं, बगिच्यातल्या घसरगुंड्या असलं बरंच काही तिथून निघतं, पण खरं पोट टाक्यांवर. आमचा भातकुलीकडचा सगळा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यानं लोखंडी टाकी पाहता पाहता गंजते, म्हणून लोक माझ्याकडे येतात. लोकांचं पाणी खारं म्हणून माझा चहा गोड, असं माझे भाऊजी म्हणतात. मला हा विनोद आवडत नाही, कारण तो खरा आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही घरात बाई म्हणतो. भाऊजी जन्मभर जहाजावर फिटर होते. कापसाच्या गावातला माणूस, इंजिनाच्या पोटात बसून जगभर हिंडला. वर्षातले आठ-नऊ महिने ते पाण्यावर आणि बाई भातकुलीजवळच्या गावात, शेतावर. निवृत्त होऊन घरी आले आणि दोन वर्षं पंप दुरुस्त करत बसले. मग एका सकाळी माझ्या शेडमध्ये आले, नव्या टाकीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "शिडाची नाव बनवायची हाये. सोळा फुटी. तू बनवशीन."

"इथं समुद्र कुठं हाये जी?"

"धरण हाये ना परतवाड्याकडे. परवानगीचं मी पाहतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. चहा आल्यावर खरं काय ते बोलले. "तुझी बाई एकडाव माझ्यासंगं पाण्यावर आली पायजे. एवढी वर्षं म्या कुठं होतो, हे तिनं पाह्यलंच नाही."

हे काम नाव बनवण्यापेक्षा अवघड होतं. लग्नानंतर एकदा भाऊजींनी तिला कोकणात नेलं होतं आणि खाडीतल्या होडीत बसवलं होतं. होडी कलली, बाईनं शेजारच्या परक्या माणसाचा शर्ट फाटेस्तोवर धरला आणि उतरल्यावर शपथ घेतली की पुन्हा पाण्यावर पाय ठेवणार नाही. समुद्राचं नाव काढलं की ती म्हणायची, "त्या पाण्यानं माझा अर्धा संसार खाल्ला. आता मी काय त्याले नारळ वाहाले जाऊ?"

मी म्हटलं, धरणावर मासे धरणारे वापरतात तशी सपाट बुडाची होडी करून देतो, आठ दिवसांत. भाऊजींनी खडू घेतला आणि माझ्या शेडच्या फरशीवर दोन चित्रं काढली. एक आजकालची नाव: वरून थाळीसारखी, आणि खाली मधोमध सुरीच्या पात्यासारखा एक जड तुकडा बोल्टांनी कसलेला. ती पळते छान, वळते झटकन. दुसरी जुन्या घडणीची: तिच्या पोटाखालचा कणा पुढच्या टोकापासून मागच्या सुकाणूपर्यंत अखंड गेलेला, नावेच्या अंगातूनच उतरलेला, आणि त्याच्या तळाशी आतून वजन भरलेलं. ही हळू वळते. पण धरलेली वाट सोडत नाही, आणि वाऱ्यानं कितीही आडवी केली तरी तळातलं वजन तिला पुन्हा उभी करतं.

"वळण्याची घाई कोणाले हाये?" भाऊजी म्हणाले. "बाईले घेऊन जायचं हाये, शर्यत नाही लावायची."

मी खडूच्या चित्राकडे पाहून मनातल्या मनात मजुरी धरली आणि गप्प बसलो. पाहुण्याकडून पैसे मागता येत नाहीत, हा वऱ्हाडात धंदा करण्यातला मोठा दोष आहे.

मग सामानावरून भांडण. भाऊजींनी जहाजांवर लाकूड कुजताना, पोलाद गंजताना आणि फायबर फुगताना पाहिलेलं. होय, फायबरही फुगतं. पाणी वर्षानुवर्षं त्यात मुरत राहिलं की रंगाखाली फोड येतात. आजकाल महागड्या नावा कार्बनच्या करतात, किंवा फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये फोम घालतात, आइस्क्रीमच्या गाडीची भिंत असते तसा. त्यानं नाव हलकी होते. भाऊजींनी ठरवलं की फोम फक्त वरच्या अंगाला, आणि पाण्याखालचं सगळं भरीव. फायबरची कापडं ज्यानं चिकटतात ते रेझिन मात्र उंची पाहिजे, टाकीचं चालणार नाही. टाकीचं चालणार नाही, हे त्यांनी माझ्या शेडमध्ये, माझ्या माणसांसमोर सांगितलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, घ्या परीक्षा.

एप्रिल होता. आमच्या एप्रिलमध्ये रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर पडला की चहा पिण्याएवढाही वेळ मिळत नाही. मग्गा हातातच तापतो आणि धुरायला लागतो. म्हणून पहाटे उठून दोन तुकडे बनवले, एक माझ्या रेझिनचा, एक त्यांच्या. ते बाईच्या ओसरीवर, तिच्याच विहिरीच्या खाऱ्या पाण्याच्या घंगाळात बुडवून ठेवले. घंगाळ तिचं, म्हणून लक्षही तिचंच. ती रोज तुकडे काढून पदराला पुसायची आणि उजेडात धरून पाहायची. पोळ्याच्या सुमाराला तिचा फोन आला. "भाऊ, तुझ्या तुकड्याले गोवर निघाला."

टाकीची गोष्ट वेगळी असते, हे मी तिला अर्धा तास समजावलं. मग उंची रेझिन मागवलं.

नवरात्रात काम सुरू झालं. एकच नाव करायची, म्हणून साचा न करता प्लायवूडच्या फासळ्यांचा सांगाडा उलटा उभा केला आणि त्यावर फायबरची कापडं, एकावर एक, रेझिननं बसवत गेलो. नाव सुलटी केल्यावर कण्याच्या पोकळीत वजन भरायचं होतं. भाऊजींनी शिसं मागवण्याऐवजी बाईच्या गोठ्यामागून बैलगाडीच्या चाकांच्या जुन्या लोखंडी धावा उचलून आणल्या. गाड्यांना आता रबरी चाकं. धावा तशाच पडून होत्या. आम्ही त्या ग्राइंडरनं कापल्या, कण्यात रचल्या आणि वरून रेती कालवलेलं रेझिन थोडं थोडं ओतलं. एकदम ओतलं असतं तर आतल्या आत तापून तडकलं असतं. चार दिवस मी देखरेख केली आणि मला वाटायला लागलं की आपण टाकीवाले उगाच राहिलो, आपण तर नावाडी.

धावा गेल्याचं बाईला कळलं. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे अमरावतीला आली होती, तिथून ऑटो करून थेट शेडवर. भाऊजी त्या दिवशी अकोल्याला गेले होते. तिथल्या मंडपाची कापडं शिवणाऱ्या एकाकडून शीड शिवून घ्यायचं होतं. बाई म्हणाली, "माझं लोखंड दाखव."

लोखंड आता दिसणार कुठून? मी नाव दाखवली. बाईनं पदर खोचला आणि बाजारात बैल पाहावा तशी नावेभोवती फिरली. बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला. कण्यावरून हात फिरवला. मग कण्याच्या जरा वर, नावेच्या अगदी बुडाशी, थांबली आणि वाकली.

"भाऊ, हा नळ कायले?"

मी पाहिलं. नावेच्या बुडाला दीड इंची नॉझल होतं. सुबक बसवलेलं, आतून-बाहेरून तीन-तीन थर देऊन पक्कं केलेलं, तोंडाला प्लास्टिकची टोपी. माझे मिस्त्री पुढे आले. वीस वर्षं टाक्या करणारा माणूस, कामाचा अभिमान चेहऱ्यावर. म्हणाले, "वॉशआउट हाये, बाई. गाळ साचला तं धुसान कसा?"

मिस्त्रींना काय बोलणार? ते नॉझल चार दिवस माझ्याही डोळ्यांसमोर होतं. बुडाला भोक नसलेलं भांडं माझ्या शेडमधून कधी बाहेर गेलेलं नाही, त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. उलट, नॉझल नसतं तर मीच ओरडलो असतो.

"अन् ह्याच्यात मले बसवून राहिले होते तुमी," बाई म्हणाली. मग तिला हसू फुटलं. ती हसत हसत पालथ्या बादलीवर बसली, मिस्त्री हसले, मीही हसलो, पण माझं हसणं जरा रडकं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. टोपी पाण्याच्या धक्क्यानं उडाली असती तर?

संध्याकाळी भाऊजी शीड घेऊन आले. नॉझल पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते बाईकडे वळले. आता ही कधीच बसणार नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण बाई वेगळंच बोलली. "मी आठ दिवस भावाकडे राहतो. तुमच्या भरवशावर ही नाव सोडली तं धरणच तिच्यात येईन."

आठ दिवस ती शेडमध्ये खुर्ची टाकून बसली. नॉझल कापून काढलं, भोवतालचं घासून उतरतं केलं, आणि ठिगळाचे थर बाईनं बोटांवर मोजून घेतले. शेवटी म्हणाली, "टाकीवाले हाये ना तुमी? मंग भरून पाहा." आम्ही नावेला दोन्हीकडून भक्कम टेके दिले आणि आतून अर्धी पाण्यानं भरली. जगात नावेत पाणी भरून खात्री करणारे आम्हीच असू. दुसऱ्या दिवशी बाईनं खालून हात फिरवला, हात कोरडा होता. तिनं मिस्त्रींना चहा सांगितला.

संक्रांत झाल्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून नाव धरणावर नेली. अर्धा गाव आला होता, बुडताना पाहायला मिळेल या आशेनं. नाव पाण्यात उतरली, थोडी डोलली आणि ताठ उभी राहिली. भाऊजींनी हात पुढे केला. बाईनं फुगीर जाकीट घातलं, नऊवारीवर, आणि म्हणाली, "म्या तपासली म्हणून बसून राहिली. तुमी म्हणता म्हणून नाही. अन् काठाकाठानं एकच चक्कर." मग माझ्याकडे वळली. "तूही बस. केली ना तूच?"

मला पोहता येत नाही. बसलो.

मेळघाटाकडून वारा आला आणि शीड फुगलं. नाव एका अंगावर कलली तशी बाईनं भाऊजींची बाही धरली. मी डोळे मिटून मिस्त्रींचा विचार केला. पण नाव तेवढीच कलली, तिथं थांबली आणि सावकाश सरळ झाली. पुन्हा कलली, पुन्हा सरळ. चौथ्या वेळी बाईनं बाही सोडली. काठावरची माणसं लहान होत गेली आणि त्यांचा गलका ऐकू येईना.

बराच वेळ बाई मागे वळून काठाकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "किनारा मागं पडे तवा तुमाले कसं वाटे जी? मजा वाटत असन."

भाऊजी सुकाणूवर हात ठेवून समोर पाहत होते. "किनाऱ्याचं काही वाटत नव्हतं," ते म्हणाले. "किनारा येईपर्यंत सगळं होऊन जाय. मुंबईची गाडी सुटून बडनेऱ्याचं स्टेशन मागं पडे, तवा वाटे. नाशिक येईपर्यंत तोंडातून शब्द निघत नव्हता."

मी नावेच्या पुढच्या टोकाला बसलो होतो, पाठ त्यांच्याकडे. मी वळलो नाही.

"मंग कधी सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तू जाऊ देल्लं असतं?"

बाईनं विचार केला. "नाही," ती म्हणाली.

काठाकाठानं फिरायचं ते केव्हाच मागे राहिलं होतं. भाऊजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "वळवू का आता? हिले वळाले वेळ लागते."

"राहू द्या," बाई म्हणाली. "जाऊ द्या अजून पुढं."