बंदुकीची राखण

रोवण्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, कंबर वाकलेली, हात चिखलात. मोकळं काय राहते? तोंड! म्हणून किस्से जमतात. हातातले धानाचे परे रोवून संपतात, किस्से संपत नाहीत. आम्ही पाच-सहा बायका दरवर्षी एकत्रच धान रोवतो आणि एकत्रच कापतो. दुपारी धुऱ्यावर, बांधावर बसून, डबे उघडले की प्रत्येकीची भाजी वेगळी असते, पण विषय एकच. कोणाच्या नवऱ्याने कोणती बंदूक आणली!

हसू नका. आमचं गाव मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून. बांधी संपली की जंगलच. धान लोंबीवर आलं की रानडुकरं येतात, वांदरं येतात. चांगली बंदूक आणि तिचं लायसन हे आमच्या आवाक्यातलं काम नाही. मग पुरुष मंडळी स्वस्तातली शोधतात. "मारायले थोडीच पाह्यजे? नुसतं भेव दाखवाले!" असं सगळेच म्हणतात.

यंदा हा ताप आमच्याही घरात शिरला. परीचे बाबा मोबाईलवर छर्ऱ्याची एअर गन पाहत बसायचे. परी आमची तीन वर्षांची. हाताला लागेल ते ओढते, ओढून निघेल ते तोंडात घालते. तिच्या हातात सुपारीचा अडकित्ता दिसला तरी मी काम टाकून धावते, आणि हे घरात बंदूक आणायला निघाले! मी सातवी शिकलेली, मला बंदुकीतलं काय कळते? मी आपलं धुऱ्यावर विचारलं, "बाई वो, स्वस्तातली बंदूक घ्यावी का नाई?"

झालं! जेवण बाजूला राहिलं.

* * *

पहिली बोलली कांताबाई. आमच्यात वयाने मोठी, आवाजाने तर त्याहून मोठी. तिच्या घरी सासऱ्याच्या वेळची भरमार आहे, लायसनवाली. नळीच्या तोंडातून दारू भरा, चिंधी कोंबा, गजाने ठासा, तेव्हा कुठे एक बार निघते.

एका सकाळी तिचा नवरा ती घेऊन बांधीवर गेला. हवेत बार काढायचा, बस. समोर डुकरांचं अख्खं खटलं धानात. याने दारू भरली, डुकरं खातच होती. याने चिंधी कोंबली, डुकरं खातच होती. मग गज सापडेना! धुऱ्याच्या गवतात पडला होता, तो शोधला. तोवर डुकरांनी कोपरा साफ केला आणि पोरंबाळं घेऊन सावकाश निघून गेली.

कांताबाई मागून चहा घेऊन पोचली. "काऊन जी, वाजली नाई?"

"थांब ना, भरून राह्यलो!"

"मंग डुकराईले तसं सांगाचं होतं ना! बसा जी घडीभर, चहा घेऊन जा!"

* * *

बरं, ती भरमार घरी असते तरी कुठे? निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आणि आमच्याकडे निवडणुका कमी आहेत काय? एक मोठी, एक छोटी, एक गावातली. बंदूक गाडीवर बसून जाते, निकाल लागला की गाडीवर बसून येते, अंगावरची धूळ झटकत नाही तर पुन्हा निघते.

कांताबाई म्हणते, "माह्या सुनेपरीस ही बंदूकच माहेरी जास्त राह्यते! अन् सून येताना काही तरी घेऊन येते, ही तं तेलपाणीबी आपल्याच पदरचं खाते!"

* * *

मग शेवंताबाईची पाळी. तिच्या नवऱ्याने, देवाजीभाऊंनी, बाजारात रस्त्याच्या कडेला मिळते तशी प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइडची बंदूक आणली होती. तिच्यात छर्रा नाही, गोळी नाही, नुसता आवाज. पण आवाज असा की पहिल्या दिवशी डुकरं तर पळालीच, शेवंताबाईच्या कोंबड्याही दोन दिवस घराकडे फिरकल्या नाहीत!

देवाजीभाऊ खुश. रोज संध्याकाळी जंगलाकडे तोंड करून एक बार काढायचे आणि चहाला घरी यायचे. आठवड्याभराने पाहतात तर धान जास्तच खाल्लेलं! मग एक दिवस बार काढून घरी न येता झाडाआड बसले. बार वाजला, जरा वेळ गेला, आणि जंगलातून डुकरं रांगेने बाहेर!

मी म्हटलं, "शेवंताबाई, आमच्या शाळेत खिचडीची घंटा वाजे, तेव्हा आम्हीबी असेच निघत होतो!"

बार वाजला म्हणजे माणूस घरी गेला, हे डुकरांना आठ दिवसांत कळलं. देवाजीभाऊंना पंधरा दिवस लागले.

* * *

त्याच पाइपने पुढे देवाजीभाऊंची मिशी खाल्ली. बार निघेना म्हणून जवळून डोकावून पाहायला गेले, आणि तेव्हाच निघाला. डाव्या बाजूची मिशी जळून गेली. अर्धी मिशी घेऊन गावात कसं फिरणार? उरलेली उजवी त्यांनी स्वतःच वस्तऱ्याने काढली.

आता आमच्याकडे बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. देवाजीभाऊ पानठेल्यावर जाऊन आले आणि तासाभरात त्यांच्या अंगणात माणसं जमली. पुरुष खाली माना घालून, बायका डोक्यावर पदर घेऊन. एकीने तर दारातच हंबरडा फोडला.

खाटेवर देवाजीभाऊंचे वडील बसले होते, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. त्यांनी विचारलं, "काऊन वो, कोण गेलं?"

सगळे देवाजीभाऊंच्या वरच्या ओठाकडे पाहायला लागले. शेवटी म्हातारे वडील आपल्या पोराच्या तोंडाकडे पाहून समजले आणि ओरडले, "अबे, मी आहो ना अजून! मिशी गेली, बाप नाई!"

आम्ही सगळ्या धुऱ्यावर लोळून हसलो. पण घरी जाताना माझ्या मनात एकच. मिशीपासून डोळा किती लांब असते? दोन बोटं. आणि परीला तर प्रत्येक नळीत डोळा लावून पाहायची सवय!

* * *

कांताबाईच्या पोरीच्या लग्नातला किस्सा तर गावात अजून चालते. वरात बल्लारपूरवरून आली होती, शिकलेली, नोकरीवाली मंडळी. फटाके आणायचे विसरले, म्हणून कोणीतरी म्हटलं, देवाजीभाऊंचा पाइप वाजवा ना, आवाज तर तोच.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या आणि मांडवामागे पाइप वाजला. ढाम!

आमच्या गावच्या लोकांना आवाजाची सवय अशी लागलेली की बार ऐकला की तोंड आपोआप उघडते. सगळा मांडव डुकरं हाकल्यासारखा एका दमात ओरडला, "हुर्रर्र! हाऽऽल! हाऽऽल!" कोणी ताट वाजवलं, कोणी खुर्ची आपटली, एका म्हाताऱ्याने तर काठी घेऊन चार पावलं धाव घेतली!

नवरदेव हार धरून थिजला. त्याच्या मामाने घाबरत विचारलं, "ही इकडची पद्धत आहे काय जी?"

कांताबाई काय मागे राहते? म्हणाली, "हो जी! एवढं ऐकून जो नवरदेव पळत नाई, त्यालेच आम्ही पोरगी देतो!"

* * *

एवढे किस्से मी घरी येऊन परीच्या बाबांना सांगितले. वाटलं, हसतील आणि सोडून देतील. हसले खूप. आणि म्हणाले, "म्हणून तं मी पाइप नाई घेतला. एअर गनच बोलावली!"

पार्सल आलं. स्वस्तातली, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली. परी म्हणाली, "मले!" मी तिला उचलून कडेवर घेतलं.

त्याच दिवशी ट्रायल झाली. कुंपणावर नारळाची नरोटी ठेवली. मी परीला घेऊन घरात, दार लावून. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या बाजूला न्हाणीत आंघोळ करत होते. परीच्या बाबांनी बराच वेळ नेम धरला. फट्! आणि न्हाणीतून आवाज आला, टण्! बादलीला भोक.

मामाजी तसेच टॉवेलवर बाहेर आले. आधी पोराकडे पाहिलं, मग नरोटीकडे, मग हातातल्या गळक्या बादलीकडे. रागावले नाहीत. बादली अंगणात ठेवली आणि म्हणाले, "बापू, आता बादलीवर नेम धर. नरोटीले लागन!"

बाहेर हशा. मी आत दाराला पाठ लावून बसले होते. मामाजी बादलीच्या हातभर इकडे उभे असते तर? परी अंगणात असती तर?

संध्याकाळी मी बोलले. भांडले नाही, पण बोलले. "बंदूक ठेवाची असन तं दोन गोष्टी. परी आसपास असली की भरलेली नाई पाह्यजे. अन् तिचा हात पुरते अशा जाग्यावर कधीच नाई. घरी असो का बांधीवर, उंचच टांगाची."

"कबूल," ते म्हणाले. "एकदम उंच टांगन."

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात ती आढ्याला टांगलेली, आणि मी भाकरी थापता थापता वर पाहायची. झाडताना वर पाहायची. कांताबाईला सांगितलं तर म्हणाली, "वा वो! धानाच्या राखणीले बंदूक, अन् बंदुकीच्या राखणीले तू!"

* * *

मग मी माझा उपाय काढला. जुन्या साड्या! बांधीच्या भोवती काड्या ठोकून साड्या बांधल्या की वाऱ्याने फडफडतात, डुकरं बिचकतात. सगळ्या बायकांनी आपापल्या जुन्या साड्या दिल्या. आमची बांधी अशी दिसायला लागली जशी काही हळदी-कुंकवाला अर्धा गाव उभा आहे.

देवाजीभाऊ एकदा तिकडून जात होते. घरी खर्रा बंद केला होता शेवंताबाईने, म्हणून धुऱ्याआड बसून गुपचूप पुडी सोडली. वर पाहतात तर समोर शेवंताबाईची लाल साडी! पुडी तशीच चिखलात टाकली आणि हात जोडून म्हणाले, "फक्त वास घेऊन राह्यलो होतो वो!"

डुकरं त्या साड्यांना किती भ्याली ते माहीत नाही. पण यंदा धान बरंच वाचलं. परीचे बाबा म्हणायचे, "ते बंदुकीमुळं." मी साड्यांच्या गाठी आवळत राहायची.

* * *

आता शेवटचा.

कापणी लागली होती. आम्ही सगळ्या बायका आमच्याच बांधीत वाकलेल्या. बाजूला बोडी, आमचं छोटं तळं, तिच्या ओलीने कडेला चिखल; बोडीवर वाकलेलं मोहाचं झाड. परी झाडाखाली सावलीत, मामाजींसोबत. परीचे बाबा वांदरं हाकायला बंदूक घेऊन आले होते. माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखी मोहाच्या उंच फांदीला पट्ट्याने टांगली. परीचा हात काय, माझाही पुरला नसता. मुंगळे लागतात म्हणून भाकरीचं गाठोडंही त्याच पट्ट्याला बांधलं आणि पाणी प्यायला गेले.

वांदराला बंदुकीचं काय करायचं? ते आलं भाकरीसाठी. पण गाठ पक्की होती, म्हणून गाठोडं ओढलं तशी बंदूकही निघाली. दोन्ही घेऊन ते पार शेंड्याजवळ जाऊन बसलं.

पहिली शेवंताबाई हसली. मग सगळ्याच हसल्या.

तेवढ्यात परीचे बाबा धावत आले आणि ओरडले, "पडा! खाली पडा! भरलेली आहे!"

मी कशी धावले ते मला आठवत नाही. परीला छातीखाली घेऊन धुऱ्याआड पालथी पडले. बाजूला मामाजी पडले. कांताबाई कापून ठेवलेल्या धानाच्या कडपांमागे. जे वांदर आम्ही उभ्या जन्मात एका ढेकळाने पळवलं, त्याच्यासमोर अख्खी बांधी लोटांगण घालून!

वर वांदर आरामात. मांडीवर बंदूक आडवी, एका हातात भाकर, ठाण्यातल्या साहेबासारखं. नळी कधी माझ्या नवऱ्याकडे, कधी कांताबाईकडे.

"याचा नेम तुह्यापेक्षा बरा दिसते, बापू," मामाजी चिखलातून बोलले.

परीचे बाबा हात जोडून झाडाकडे म्हणत होते, "खा बाबा, खा. सावकाश खा. फक्त घोडा नको ओढू."

माझ्या पोटाखालून परी ओरडली, "बाबा, वांदर भाकर खाते!"

भाकर संपली. वांदराने गाठोडं झटकून पाहिलं, पट्ट्याचा वास घेतला, नळी एकदा चावून पाहिली. चव आवडली नाही. हात सोडला. बंदूक एका फांदीवर आपटली, दुसरीवर आपटली, फट् करून वाजली, पानं उडाली, आणि डुबुक! बोडीत.

कितीतरी वेळ कोणी उठलं नाही. मी परीला उलटंसुलटं करून पाहिलं. डोळे, कान, बोटं. सगळं जागच्या जागी. तेव्हा कुठे मला रडू आलं, आणि रडता रडता हसू.

परीचे बाबा बोडीच्या काठावर उभे होते. माझ्याकडे पाहायची त्यांची हिंमत होत नव्हती. मामाजींनी अंगावरचा चिखल काढत विचारलं, "बोडी आटली की काढू काय, बापू?"

"राहू द्या, बाबा," ते म्हणाले. "मासोळ्यांची राखण करन."

दुसऱ्या दिवशी मी एक भाकर जास्त थापली. बांधीवर गेल्यावर मोहाच्या त्याच फांदीला, काठीने वर करून, टांगली.

परीचे बाबा पाहत होते. "ही कोणासाठी वो?"

मी विळा उचलला आणि कापणीला लागले.