हळदीत पालथे पडलेले पंच

“खांदे बघा, खांदे. चेंडूकडं काय बघून राहिले सगळे?”

पंच ओरडत होते. सत्तरी उलटलेला माणूस, आणि भर दुपारी खळ्यात वाळत घातलेल्या हळदीवर पालथा पडला होता. एक गाल हळदीत, एक डोळा मिटलेला, दुसरा टीव्हीच्या काचेपासून वीतभर लांब. काचेत माझी भाची आपल्या देशाच्या गोलपुढं आडवी झाली होती, आणि तिच्या पाठीखालून उजेड दिसतो का, हे पंच तपासत होते.

आता हे सगळं काहून, ते सांगतो.

भाची म्हणजे कुरुंद्याला दिलेल्या माझ्या बहिणीची पोरगी. हात असे लांब की लहानपणी ओसरीवर बसल्या जागेवरून ती शेजारच्या वाडीतल्या चिंचा काढायची. मी बाळापूरच्या शाळेत खेळाचा मास्तर. मीच तिला पुण्याकडच्या खेळाच्या वसतिगृहात नेऊन घातलं आणि तिथून ती गोलकीपर म्हणून थेट देशाच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघात गेली. बारावीचा शेवटचा पेपर दिला आणि विमानात बसली. तोवर आमच्या खानदानात सगळ्यात उंच गेलेला माणूस मी होतो, एसटीच्या टपावर.

पण दाजींच्या डोक्यात डी.एड. बसलं होतं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात डी.एड.ची अशी साथ होती की ढेकूळ भिरकावलं तर ते डी.एड.वाल्यालाच लागायचं आणि उसळून दुसऱ्यालाही लागायचं. दाजी म्हणायचे, “हिंगोलीत राहील, मास्तरीण होईल, जन्माची काळजी मिटली. चेंडू अडवायचा पगार कोण देतं?”

मी पुष्कळ समजावलं. परदेशात गोलकीपरला मंत्री उठून खुर्ची देतात, असंही सांगितलं. दाजी म्हणाले, “पाव्हणे, तुमी सांगता त्यातलं निम्मं मी ऐकतच न्हाई, आणि ऐकतो त्यातलं निम्मं मला पटत न्हाई.”

शेवटी ठरलं ते असं. या स्पर्धेत पोरगी चांगली खेळली, तर तिनं वसतिगृहात परत जायचं. न्हाई खेळली, तर डी.एड.ला. आणि चांगलं का वाईट, हे ठरवणार गावातले कुस्तीचे पंच. दाजींना माझा भरवसा नव्हता, आणि पंचांचा मात्र साऱ्या तालुक्याला होता. पंचक्रोशीतल्या जत्रेतली एकही कुस्ती त्यांच्यावाचून सुटत नसे. दाजींचा सख्खा भाऊ त्यांच्याच निकालानं चीत ठरला होता आणि उठून त्यांच्याच पाया पडला होता. अडचण एवढीच की पंचांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता.

पहिले दोन सामने टीव्हीवर दाखवलेच न्हाईत. पेपरात कोपऱ्यात दोन दोन ओळी आल्या. एक चार गोलांनी हरलो, एक तीन गोलांनी. दाजींनी त्या ओळी मला मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि वर विचारलं, “डी.एड.चा फॉर्म कोणत्या महिन्यात निघतो म्हणालात?”

शेवटचा सामना सरकारी वाहिनीवर येणार होता. लाईट दुपारभर नसायचीच, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून छोट्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला लावली. मी टीव्ही हळद शिजवायच्या कढईवर ठेवला, कढई पालथी घालून. पंच आले, गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “आखाडा कधी माळ्यावर असतो का? खाली घ्या.” टीव्ही हळदीत आला.

“आता सांग मास्तर, यात चीत कोण होतं?”

मी नियम सांगायला लागलो. अकरा इकडच्या, अकरा तिकडच्या, हाताला बंदी, फक्त हिला परवानगी. पंच शांतपणे ऐकत होते, बिनतिकीट बसलेल्याचं कंडक्टर ऐकतो तसं. मग म्हणाले, “बाकीच्या उभ्यानं पळून राहिल्या. अंगावर घेऊन पडती ती ही एकटी. म्हंजे कुस्ती हिची. हिची पाठ टेकली की आपण गेलो.”

मी सुधारायला गेलो, तर पंचांनी शिट्टी तोंडाला लावली. पोरगी दिवसातून शंभरदा पडणार, हे मला ठाऊक होतं. पडणं हेच तिचं काम.

सामना सुरू झाला. समोरच्या देशाच्या पोरी अशा उंच की त्यांची डोकी टीव्हीत मावत नव्हती. पहिल्या पाच मिनिटांत भाची तीनदा पडली. तिन्ही वेळा पंच हळदीत झोपले, तिन्ही वेळा उठून हात आडवा हलवला. “कुशीवर हाय. धरा पुढं.” प्रत्येक वेळी खळ्यात बसलेल्या सगळ्या गावानं श्वास सोडला आणि त्या वाऱ्यानं हळदीची धूळ पार वसमतपर्यंत गेली असावी.

मधल्या वेळात पंचांनी बाकीच्या संघाचाही हिशेब मांडला, आणि खरं सांगतो, त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं न्हाई. “पुढच्या दोघी चेंडू यायची वाट बघत उभ्या. चेंडू काय पाव्हणा हाय का, आपण होऊन यायला? डावीकडची पोरगी दमली, तिचा खुराक कमी पडून राहिला. मागच्या चौघी मात्र पक्क्या. एकमेकीला आवाज देऊन राहिल्या. कालपरवा मार खाल्ला त्या ह्याच का?”

“ह्याच,” मी म्हणालो.

“मग शिकून राहिल्या.”

दाजी हळदीचं एक कांड उचलून मोडत बसले.

उत्तरार्धात ती वेळ आलीच. तिकडच्या एका ताडमाड पोरीनं चेंडू असा मारला की बॅटरीसुद्धा हलली. भाची उडाली, बोटं लागली, चेंडू तरीही आत गेला आणि ती धाडकन पडली. नेमकं तेव्हाच चित्र फाटलं. आडव्या रेघा. पंच खाली झोपलेले, डोळा काचेला चिकटलेला, आणि काचेत नुसत्या मुंग्या.

“टेकली का?” दाजींनी विचारलं.

जन्मभर ज्यानं निकाल देताना पापणी हलवली न्हाई, तो माणूस पहिल्यांदा म्हणाला, “दिसलं न्हाई.”

मी अँटेनाच्या बांबूकडं धावलो. मी तो बांबू पिरगळला की बांबूनं मला, हे आजही सांगता येणार न्हाई. पण चित्र आलं. आणि चित्रात तीच ताडमाड पोरगी पुन्हा चेंडू मारत होती.

“अजून एक?” दाजी उभे राहिले.

“तोच हाय, दाजी. परत दाखवून राहिले. हळूहळू.”

भाची हळूहळू उडाली. हळूहळू खाली आली. आधी मनगट, मग कोपर, मग खांदा, मग कूस. पाठ आणि गवत यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी होती, आणि ती शेवटपर्यंत राहिली. मग तेच त्यांनी दुसऱ्या बाजूनंही दाखवलं.

पंच उठले. अर्धं तोंड पिवळं, धोतर पिवळं, शिट्टीत हळद. टीव्हीकडं ते अशा नजरेनं बघत होते की मला त्यांची दया आली. “असं परत दाखवणारं आमच्या टायमाला असतं,” ते म्हणाले, “तर मी किती रात्री सुखानं झोपलो असतो.” मग दाजींकडं वळले. “आजवर कोणी एवढ्या वेळा पडून न टेकलेलं मी पाहिलं न्हाई. सामना जाईल. पण हिला आखाड्यातून काढायचं कारण मला दिसत न्हाई.”

सामना गेला, त्याच एका गोलानं. चार, तीन, एक. मास्तर म्हणून माझाही एक निकाल होता, की हा संघ वाईट न्हाई, उशिरा जागा झाला. पण माझा निकाल विचारतो कोण? दाजी एवढंच म्हणाले, “पंच बोलले, विषय संपला.” बहिणीनं आत जाऊन चहाचं मोठं पातेलं चढवलं. मी त्या हळदीवरच बसलो आणि इतका हलका झालो की बहिणीनं वर एक सूप ठेवलं नसतं, तर मी उडून कयाधू नदीच्या पलीकडं पडलो असतो.

संध्याकाळी पोरीचा फोन येणार होता, चौकातल्या एसटीडीवर. दाजी काचेच्या केबिनबाहेर उभे राहिले, मला म्हणाले, “तुमीच सांगा, मला बोलता येणार न्हाई.” मी आत गेलो, दार लावून घेतलं, आणि सगळं सांगितलं. पंच, हळद, खांदे, उजेडाची पट्टी, आणि वसतिगृहात परत जायचा हुकूम. काचेतून दाजी खुणेनं विचारत होते, काय म्हणती?

ती म्हणत होती, “मामा, आमच्यात पाठ टेकली तरी चालती. गोल न्हाई झाला पाहिजे.”