गिटारच्या पाठीतलं भोक

नायगावच्या फ्लॅटमध्ये सुतार कपाटाला मुठी बसवत होता. ड्रिलखाली तापलेल्या लाकडाचा वास सुटला आणि मला पाचूबंदरचे बस्त्यावमामा आठवले.

मामा होड्या बांधायचे. विशीत मी फणसाच्या फळीची इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली आणि तारांची पट्टी बसवायला भोकं पाडून द्या म्हणून त्यांच्याकडे गेलो. किती खोल जायचं ते कळावं म्हणून ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी लावून नेली होती. मामांनी ती कचरा समजून ओरबाडून काढली. होडीच्या फळीतलं बोल्टाचं भोक आरपारच पाडायचं, ही त्यांची जन्माची सवय. पहिलंच भोक गिटारच्या पाठीतून बाहेर आलं. महिनाभर घासून चकचकीत केलेली ती पाठ बघून मी रडकुंडीला आलो.

मामांनी शांतपणे कापसाची वात वळली, राळेत बुडवली आणि भोकात ठोकून बसवली. वरून अंगठा फिरवत म्हणाले, "आता घाबरू नको. पानी नाय येनार."

"मामा, गिटार समुद्रात न्यायची नाहीये."

"नेलीस तरी नाय येनार."

तेव्हा मी चार दिवस फुगून बसलो होतो. सुतार गेल्यावर आज गिटार उतरवून पालथी केली. तारा, खुंट्या, रंग, सगळं केव्हाच बदललंय. मामाही आता नाहीत. पण त्या भोकातून आजवर पाणी आलेलं नाही.