नेपल्स ते सांग्रो, डाख दिलेल्या चंबूसह

दक्षिण इटलीत गाडीनं फिरायचं तर एप्रिलात जावं, असं सगळे सांगतात. मी नोव्हेंबरात गेलो होतो, पन्नासच्या दशकात. आणि हौसेनं तर मुळीच नाही.

इंग्लंडात कापड रंगवण्याचं शिक्षण संपवून मी परत निघालो होतो. बोट नेपल्सहून पकडायची होती. मी मुद्दाम काही दिवस आधी तिथं पोचलो, कारण ट्रंकेत आईनं दिलेला तांब्याचा चंबू होता.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझा थोरला भाऊ, अण्णा, युद्धात इटलीत फौजेचे ट्रक चालवायचा. तो सांग्रो नदीपाशी गेल्याची तार आली, पण आईनं ती मानलीच नाही. देह नाही, अस्थी नाहीत, मग श्राद्ध कुणाचं? रोज ती आमच्याबरोबर अण्णाचंही केळीचं पान मांडायची आणि त्यावर भात वाढायची. तो भात नंतर गाईला जायचा. मी इंग्लंडला निघालो तेव्हा तिनं चंबूत कावेरीचं पाणी भरलं आणि तांबटाकडून त्याचं तोंड कथील ओतून, डाख देऊन बंद करून घेतलं.

"जिता असला तर प्यायास दे," ती म्हणाली. "नाहीं तर ओत. डोळ्यांनीं पाहिल्यावांचून डाख काढूं नकोस, रे."

नेपल्सला मी गाडी आणि चालक दोन्ही ठरवले. चालक पास्क्वाले, जाडजूड आणि तोंडाळ. सैनिकांकडून उचललेलं इंग्रजी बोलायचा. तुम्ही जाणार असाल तर सोरेंतोहून अमाल्फीकडे जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला आहे. रस्ता कड्यात कोरलेला, वळणावर समोरून बस आली की मागं सरकायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. लिंबं लहान नारळाएवढी. पास्क्वाले दर वळणाला गाडी थांबवून म्हणायचा, "बघा, बघा!" मी बघायचो आणि मला राग यायचा. एवढं सुंदर असायचं या देशाला काय कारण होतं?

मांडीवरच्या चंबूकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, "वाइन?"

"पाणी."

"हिंदुस्थानातून पाणी? इटलीत नळ आहेत, साहेब!"

कुणासाठी ते मी सांगितलं. त्यानंतर त्यानं एकदाही गाडी थांबवली नाही, आणि मला ते जास्तच जड गेलं.

सालेर्नोनंतर आम्ही समुद्र सोडून डोंगरात शिरलो. बेनेव्हेंतो, मग कांपोबास्सो. थंडी हाडात शिरणारी, चांगला कोट हवाच. युद्ध संपून कितीतरी वर्षं झाली होती, तरी कित्येक घरांना छप्पर नव्हतं. जिने वर जाऊन हवेतच संपत होते. खानावळी स्वस्त, पण शाकाहाऱ्यांनी "मांस नको" एवढ्यावर थांबू नये. "चरबीही नको" हे वेगळं सांगावं लागतं. मी सांगितलं तेव्हा मालकीणबाईंनी माझ्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं बघितलं आणि पावट्यांचं सार दिलं. मला ते गिळवेना. हे रस्ते अण्णानं ट्रकमधून पाहिले असतील, इथंच कुठंतरी तो थंडीनं कुडकुडला असेल, याखेरीज दुसरं काही मनात येत नव्हतं.

तेर्मोलीला पलीकडचा समुद्र लागला, करडा आणि सपाट. तिथून किनाऱ्यानं वर सांग्रो नदीजवळ युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. उतारावर पांढऱ्या दगडांच्या रांगा. मी प्रत्येक दगड वाचत फिरलो. अण्णाचं नाव नव्हतं. पुन्हा फिरलो. नव्हतंच. आणि खरं सांगतो, मला आनंदानं रडू आलं. आई बरोबर होती! अण्णा कुठल्यातरी खेड्यात जिवंत होता, मी चंबू तसाच भरलेला घरी नेणार होतो.

"साहेब," पास्क्वालेनं बाजूच्या स्मारकापाशी उभं राहून हाक मारली. "तुमच्यात पुरतात की जाळतात?"

जन्मभर कावेरीकाठच्या चिता बघणारा मी, भावाला थडग्यात शोधत होतो. त्या स्मारकावर दहन केलेल्यांची नावं कोरली होती. त्यात अण्णाचंही होतं. मी त्यावर बोट फिरवलं. दगड फार गार होता.

पास्क्वालेनं गाडीतला पेचकस आणून दिला आणि टोपी काढून लांब जाऊन उभा राहिला. डाख सुटता सुटेना. मग सुटला. मी सगळं पाणी दगडाच्या पायथ्याशी ओतलं, चंबू पालथा केला.

आता तिथले रस्ते रुंद झालेत म्हणतात. जरूर जा, अमाल्फीला दोन दिवस जास्त ठेवा. मला मात्र त्या प्रवासातलं आठवतं ते त्या पांढऱ्या रांगांमधलं चालणं, नाव सापडलं नव्हतं तोवरचं. तेवढाच वेळ मी त्या देशात सुखी होतो.

घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर विड्याची पानं पुसत होती. तिनं पानं बाजूला ठेवली. हात पुढं केला. मी चंबू दिला. तिनं तो तळहातावर जरासा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि आत गेली.

जेवायला बसलो तर एक पान कमी होतं. इतकी वर्षं त्या पानाची मला चीड यायची. आता ती मोकळी जागा मला बघवेना.

"आई, अण्णाचं पान?"

"तूंच ओतून आलास कीं," ती म्हणाली आणि मला भात वाढू लागली.