निळ्या हेल्मेटवाल्या मावशी

सोमवारी सकाळी इस्लामपूरहून सातारला निघालेल्या एसटीत शेजारच्या मावशी मोबाईलवर अमेरिकन फुटबॉल बघत होत्या. अंगावर नऊवारी, मांडीवर चिवड्याचा डबा. मला वाटलं, चुकून लागलं असेल.

"निळ्या हेल्मेटवाले आपले," त्या म्हणाल्या. "जावयाची टीम हाय."

लेकीकडे अमेरिकेत सहा महिने राहून परदेशी जावयाशी त्यांचा जुळलेला हा एकच विषय होता. पण त्या परतल्यापासून त्यानं आपणहून कधी फोन केला नव्हता.

सामना बरोबरीत अडकला आणि जादा वेळ सुरू झाला. टॉस जिंकल्यामुळे पहिला चेंडू लाल हेल्मेटवाल्यांना मिळाला, आणि त्यांनी गुणही मिळवले.

"आता आपल्याला चेंडू देत्यात का गं? मागं एकदा दिलाच न्हवता, तिथंच सामना संपवला. तू इंग्लिश शाळेतली दिसतीस."

मला काहीच माहीत नव्हतं. घाबरून मी 'हो' म्हटलं.

"द्यायलाच पायजे. खो-खोत टॉस हरला म्हणून कुणाचा डाव बुडतो व्हय?"

चेंडू खरंच निळ्यांना मिळाला. मावशींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. पलीकडून जावई इंग्रजीत ओरडत होता, अलीकडून मावशी मराठीत.

"जिंकलो का?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"न्हाई गं, हरलो की!" त्या हसत म्हणाल्या. "पण फोन त्यानं लावला."

त्यांनी चिवडा पुढे केला, मी घेतला. जादा वेळेतला तो चेंडूचा नियम मला अजून कळलेला नाही.